भूलशास्त्रातले वजनदार शोधनिबंध निवडताना कोणता आकडा धरायचा?

रेसिडेंट डॉक्टरांसाठी 'हे पन्नास निबंध वाचलेच पाहिजेत' अशी यादी करायला बसलात की पहिल्या तासातच गाडी अडते. वजनदार म्हणायचं कशाला? सायटेशन (इतर लेखांनी किती वेळा संदर्भ दिला) मोजायचे, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर बघायचा, आरसीआर (रिलेटिव्ह सायटेशन रेशो) घ्यायचा की ऑल्टमेट्रिक या ऑनलाइन चर्चा मोजणाऱ्या पट्टीचं रंगीत वर्तुळ? एकच निबंध एका मोजपट्टीवर पहिल्या दहात येतो आणि दुसरीवर यादीतही नसतो.

इम्पॅक्ट फॅक्टर आधीच बाजूला काढा. तो जर्नलचा आकडा आहे, निबंधाचा नाही. आधीच्या दोन वर्षांत जर्नलमध्ये जे छापून आलं, त्याला यंदा मिळालेले सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतल्या निबंधांची संख्या, एवढंच ते गणित. त्यातही गंमत अशी, की संपादकीयं आणि पत्रं भाजकात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेले सायटेशन वर अंशात मोजले जातात. शिवाय एकटा निबंध सगळ्या जर्नलला उचलून धरू शकतो. 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या जर्नलचा फॅक्टर दोनच्या आसपास होता. 2008 मध्ये तिथे एका सॉफ्टवेअरवरचा निबंध आला आणि 2009 चा फॅक्टर पन्नासच्या घरात गेला. शेजारी छापलेल्या बाकीच्या निबंधांनी त्यासाठी काहीच केलं नव्हतं. एच-इंडेक्सही इथे कामाचा नाही. भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी 2005 मध्ये तो मांडला तो संशोधक मोजायला.

सायटेशनची सरळ मोजणी कितीही ढोबळ असली तरी तिचं एक बरं आहे: ती कुणालाही कळते आणि तपासता येते. पण मोजणार कुठे, हा प्रश्न राहतोच. गूगल स्कॉलर फुकट आहे आणि आकडा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा देतं, कारण प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीचे मसुदे), अहवाल असं सगळं त्याच्या जाळ्यात येतं. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस हे डेटाबेस निवडक जर्नलांवर चालतात, म्हणून आकडा लहान पण स्वच्छ, आणि दोन्हींना वर्गणी लागते. स्कोपसमध्ये जुन्या लेखांच्या संदर्भयाद्या 1970 पर्यंतच मागे भरल्या आहेत, त्यामुळे जुन्या निबंधांवर तिथे अन्याय होतो. यादीत जुने निबंध बरेच असतील तर मी वेब ऑफ सायन्स घेईन. काहीही घ्या, पण पूर्ण यादीला एकच घ्या. अर्धे आकडे इथले आणि अर्धे तिथले असतील, तर त्या क्रमवारीला अर्थ नाही.

सरळ मोजणीचं खरं दुखणं म्हणजे वय. समजा 1985 च्या निबंधाला 400 सायटेशन आहेत आणि 2019 च्या एकाला 180. सरळ मोजणीत पहिला जिंकतो, पण वर्षाला सरासरी काढली की दुसरा त्याच्या दुपटीहून पुढे जातो. तेवढीच अडचण विषयाची. कर्करोगावर लिहिणारे ढिगाने आहेत, प्रादेशिक भुलीवर लिहिणारे मूठभर, म्हणून दोन्हीकडचे शंभर सायटेशन सारखे नसतात.

यावर दोन उतारे आहेत. स्कोपसच्या आकड्यांवरून निघणारा एफडब्ल्यूसीआय (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट) निबंधाची तुलना त्याच वर्षीच्या, त्याच विषयातल्या, त्याच प्रकारच्या निबंधांशी करतो, आणि 1 म्हणजे जागतिक सरासरी. आरसीआर ही अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची पट्टी, 2016 मध्ये मांडलेली. तिथे विषय जर्नलवरून ठरत नाही. तुमच्या निबंधाबरोबर आणखी कोणते निबंध एकत्र उद्धृत होतात, त्यावरून त्याचं 'क्षेत्र' ठरतं, आणि 1 म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या संशोधनातला मधला निबंध. वेदनाशास्त्र आणि अतिदक्षता यांच्या सीमेवरच्या निबंधाला ही पद्धत जास्त न्याय देते, कारण एफडब्ल्यूसीआयमध्ये जर्नल ज्या खान्यात, त्याच खान्यात निबंध. आरसीआर 'आयसाइट' या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या फुकट सूचीतल्या क्रमांकांची यादी चिकटवली की तक्ता हातात येतो, त्यात क्लिनिकल लेखांनी किती वेळा उद्धृत केलं याचा रकानाही असतो. यादीत मुख्यतः 1980 नंतरचे निबंध असतील तर माझं मत आरसीआरला. त्याआधीच्या निबंधांना तो आकडाच मिळत नाही.

ऑल्टमेट्रिकबद्दल थोडक्यात: बातम्या, समाजमाध्यमं, धोरणपत्रं यांतला गाजावाजा तो मोजतो. महिन्याभरापूर्वीच्या निबंधाचा अंदाज घ्यायला ठीक, यादी करायला नाही.

पण या सगळ्या आकड्यांना एक गोष्ट कळत नाही: कुणी, का उद्धृत केलं. 1980 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पोर्टर आणि जिक यांचं पत्र आलं, जेमतेम पाच वाक्यांचं. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य औषध मिळालेल्या 11,882 रुग्णांमध्ये व्यसन लागल्याची नोंद फक्त चार जणांची, असं त्यात होतं. 2017 मध्ये त्याच जर्नलने त्या पत्राचे 608 सायटेशन एकेक करून तपासलेलं विश्लेषण छापलं. 439 लेखांनी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून दिलं होतं, आणि हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे 491 लेखांनी सांगितलंच नव्हतं. सायटेशनच्या हिशेबात मात्र हे पत्र दिमाखात उभं राहतं.

भूलशास्त्रातच बघा. जर्मन भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांचे हायड्रॉक्सिएथिल स्टार्च या शिरेतून द्यायच्या द्रवावरचे निबंध वर्षानुवर्षं उद्धृत होत होते, मग गैरप्रकार उघड होऊन ते ढिगाने मागे घेतले गेले. 2013 मध्ये 'जामा' या वैद्यकीय जर्नलमधल्या एका मेटा-ॲनालिसिसमधून (अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून) त्यांच्या सात चाचण्या वगळल्या, तेव्हा स्टार्चमुळे मृत्यूचा धोका वाढतो हे स्पष्ट दिसलं. म्हणून यादीतला प्रत्येक निबंध मागे घेतलाय का, हे पबमेडवर पाहा.

उलट टोकाला भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगर. 1953 चा त्यांचा निबंध भुलीच्या जर्नलमध्येच आला. नवजात बाळाचे पाच निकष, प्रत्येकी शून्य ते दोन गुण. आज प्रसूतीच्या खोलीत 'एक मिनिटाला आठ, पाच मिनिटांना नऊ' असं सर्रास म्हणतात, पण त्या मानाने मूळ निबंधाचा संदर्भ थोडेच देतात. एखादी गोष्ट इतकी अंगवळणी पडली की तिचे सायटेशन तिच्या वापराच्या मानाने कमी पडतात. अशा निबंधांचं खरं वजन आकड्यांत दिसत नाही, म्हणून विभागातल्या ज्येष्ठांनाही विचारून यादी पुरी करावी लागते.

एकच दुपार मिळणार असेल तर मी असं करीन: आरसीआरने दीडशे निबंध गाळून घ्यायचे, 1980 आधीचे सरळ मोजणीने वेगळे काढायचे, आणि वरच्या तीसांचे प्रत्येकी दहा सायटेशन उघडून ते वाक्य वाचायचं. याला वेळ लागतो, आणि तीसातले दोन-तीन इथेच गळतात. जर्नल क्लबपुरतं काम असेल तर नुसती सरळ मोजणी, पाच-पाच वर्षांचे गट पाडून, पुरते. यादीच्या डोक्यावर डेटाबेसचं नाव आणि मोजणीची तारीख लिहा, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी आकडे जुळत नाहीत म्हणून विचारायला येईलच.