सतरा जुन्या डिस्क आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स: दहा महिन्यांचा अनुभव

सांगलीच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात एक्सबॉक्स 360 या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या गेमिंग कन्सोलच्या सतरा ओरिजिनल डिस्क होत्या. 2008 ते 2013 या काळात दादाने आणि मी जमवलेल्या. काही वाढदिवसाच्या, काही भाऊबिजेच्या ओवाळणीतल्या, दोन-तीन दादाच्या पहिल्या पगारातल्या. 2019 च्या पुरात खालच्या खोल्यांत पाणी शिरलं, पण पेटी माळ्यावर असल्यामुळे वाचली. ओल धरून काही कव्हरांचे कागद फुगले, एवढंच.

नोव्हेंबर 2023 मध्ये, दिवाळीला, मी पुण्यात त्याच घराण्यातला नवा कन्सोल, एक्सबॉक्स सिरीज एक्स, घेतला तो या पेटीसाठी. भारतात तो 10 नोव्हेंबर 2020 ला 49,990 रुपयांना आला होता. मी घेईपर्यंत किंमत वाढली होती. 'सोनीचा पीएस 5 (प्लेस्टेशन 5) का नाही घेतलास?' असं निम्म्या मित्रमंडळींनी विचारलं. ज्या दुकानात चौकशीला गेले, तिथल्या माणसाने तर ठासून सांगितलं, 'मॅडम, 360 च्या डिस्क यात चालत नाहीत, उगाच पैसे घालवू नका.' चालतात. सगळ्या नाही, पण चालतात, आणि कशा चालतात ते नीट लिहिलेलं मराठीत मला कुठे सापडलं नाही. म्हणून हा लांबलचक अनुभव.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी सतरा डिस्क टेबलावर मांडून बसले. आधी प्रत्येक डिस्क साध्या पाण्याने धुतली आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसली. गोल गोल पुसू नका, त्याने पडलेला ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि जास्त नडतो. पहिली लावली 'रेड डेड रिडेम्प्शन'. ड्राइव्ह थोडा घरघरला, स्क्रीनवर गेमचं चित्र आलं आणि इन्स्टॉल सुरू झालं. पण ते डिस्कवरून नव्हे, इंटरनेटवरून.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. 360 च्या आत पॉवरपीसी जातीचा तीन कोअरचा प्रोसेसर होता आणि 512 एमबी मेमरी. सिरीज एक्समध्ये एएमडीचा आठ कोअरचा, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरसारखा एक्स86 प्रोसेसर आहे. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टने 360 चं अख्खं मशीन सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं आणि एकेक गेम त्यात बसवून, तपासून, नव्याने बांधला. ही सोय नोव्हेंबर 2015 मध्ये, 360 नंतरच्या एक्सबॉक्स वन या कन्सोलवर, 104 गेम्सनी सुरू झाली. तुम्ही डिस्क घातली की कन्सोल फक्त 'हा गेम यांच्याकडे आहे' एवढं ओळखतो आणि ते बांधलेलं पॅकेज सर्व्हरवरून उतरवून घेतो. खेळताना डिस्क आत ठेवावीच लागते, कारण तीच तुमची पावती. बाकी काम तिचं नाही.

याचा फायदा लगेच कळतो. 360 च्या डीव्हीडीत आठ जीबीच्या आतच माल मावायचा, त्यामुळे डाउनलोड सहा-सात जीबीचं. माझ्याकडे 100 एमबीपीएसची लाइन आहे, चहा होईपर्यंत गेम तयार. आजचे गेम शंभर जीबीच्या घरात जातात, त्यापुढे हे काहीच नाही. तोटाही त्यातच आहे. नेट नसेल तर जुनी डिस्क नुसती चकती. पहिल्यांदा बसवताना नेट लागतंच.

रात्री अकरापर्यंत हिशोब लागला. सतरापैकी अकरा चालल्या, चार मायक्रोसॉफ्टने असं बांधून दिलेल्या गेमच्या यादीत नव्हत्या, आणि दोन इतक्या ओरखडलेल्या होत्या की ड्राइव्हने ओळखल्याच नाहीत.

ज्या चालल्या त्यांच्याबद्दल किती लिहू! 360 वर 'रेड डेड' 1280 बाय 720 मध्ये दिसायचा. इथे तोच गेम 3840 बाय 2160 मध्ये येतो, म्हणजे नऊ पट पिक्सेल. चित्रं कुणी नव्याने काढलेली नाहीत, मूळचीच आहेत. पण आमच्या जुन्या टीव्हीवर कधी न दिसलेली दूरच्या टेकडीवरची झुडपं, घोड्याच्या खोगिराची शिवण आता स्वच्छ दिसते. 'गिअर्स ऑफ वॉर 3' मूळ सेकंदाला 30 फ्रेमचा. एफपीएस बूस्ट या फ्रेमचा वेग वाढवणाऱ्या सोयीमुळे तो 60 वर चालतो. 'जीटीए 4' 360 वर 30 गाठतानाही धापा टाकायचा, इथे तो जवळजवळ 60 ला पळतो. त्यातलं गाडी चालवणं इतकं छान होतं हे मला सोळा वर्षांनी कळलं. एक उणीव मात्र आहे. त्या गेममधल्या रेडिओवरच्या काही गाण्यांची लायसन्स 2018 मध्ये संपली आणि अपडेटमधून ती काढली गेली. नेटवरून उतरतो तो गेम अपडेटसकट, त्यामुळे डिस्क जुनी असली तरी ती गाणी ऐकू येत नाहीत. व्लाडिव्होस्तोक एफएम दादाचं आवडतं स्टेशन होतं, त्याला हे फार लागलं.

सगळ्यात मौल्यवान निघाली ती 'फोर्झा होरायझन'ची डिस्क. 2012 चा पहिला भाग, कोलोरॅडोतला. हा गेम 2016 मध्येच डिजिटल दुकानातून काढला गेला, कारण त्यातल्या गाड्यांच्या आणि गाण्यांच्या परवानग्या ठरावीक मुदतीच्या होत्या. आज तुम्ही पैसे घेऊन उभे राहिलात तरी तो दुकानात मिळत नाही. ज्याच्याकडे डिस्क आहे तो खेळू शकतो, आणि तोही फोर-केमध्ये. सूर्यास्ताच्या वेळी डोंगराच्या वळणावरून खाली येताना मी दोनदा गाडी कडेला उभी केली, नुसतं बघायला.

आता सेव्हची, म्हणजे गेममध्ये जिथवर पोचलो त्याच्या नोंदीची गोष्ट, कारण मला हे मशीन खऱ्या अर्थाने आवडलं ते त्या दिवशी.

दादाचा 'रेड डेड' अर्धवट राहिला होता. 2011 च्या उन्हाळ्यात तो नोकरीला बंगळुरूला गेला, आणि गेमचा नायक जॉन मार्स्टन तिकडे आर्माडिलो गावातल्या खोलीत झोपून राहिला. सेव्ह जुन्या 360 च्या हार्ड डिस्कवर होता. पेनड्राइव्हवर घेऊन नव्या मशीनला लावू म्हटलं तर तसं होत नाही, सिरीज एक्स 360 चा पेनड्राइव्हवरचा सेव्ह वाचत नाही. तो क्लाउडमधूनच न्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी सशुल्क सदस्यत्व लागायचं, आता 360 वर ती जागा फुकट आहे.

डिसेंबरात सांगलीला गेले, 360 टीव्हीला जोडला, मोबाइलचा हॉटस्पॉट दिला. अकाउंट दादाचं, त्यामुळे त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. जुन्या हॉटमेलचा पासवर्ड आठवण्यात अर्धा तास गेला. पासवर्ड बरोबर, तरी 360 आत घेईना. मग उलगडलं: त्याने अकाउंटवर दोन टप्प्यांची पडताळणी लावली होती आणि 360 ला ती कळतच नाही. अशा वेळी मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या सिक्युरिटी पानावर जाऊन 'अ‍ॅप पासवर्ड' बनवायचा आणि 360 वर नेहमीच्या पासवर्डऐवजी तो टाकायचा. हे ज्याला माहीत नाही तो इथेच हात टेकेल, म्हणून मुद्दाम लिहितेय. पुढे सिस्टीम सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली क्लाउड सेव्ह चालू केला आणि दादाचा सेव्ह तिकडे हलवला. दोन मिनिटांचं काम.

जानेवारीत दादा पुण्याला आला. त्याने सिरीज एक्सवर स्वतःच्या अकाउंटने साइन इन केलं, डिस्क घातली, गेम सुरू केला. क्लाउडमधून माहिती आणतोय असं दाखवत पट्टी सरकली. आणि आर्माडिलोतली ती खोली उघडली. तोच कोट, त्याच बंदुका, खिशात तेवढेच पैसे. दादा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, 'अगं, घोडा बाहेर बांधला होता मी.' बाहेर येऊन त्याने शीळ घातली, आणि घोडा आला. बारा वर्षांनी. मुक्कामाच्या चार दिवसांत त्याने गेम संपवला. मी बाजूला बसून बघत होते, 2011 मध्ये बसायचे तशीच.

जे चाललं नाही तेही सांगायला हवं. 'किनेक्ट अ‍ॅडव्हेंचर्स' चालत नाही, कारण अंगाच्या हालचालींवर खेळायचा किनेक्टचा कॅमेराच या कन्सोलला जोडता येत नाही. 'फोर्झा मोटरस्पोर्ट 4' आणि 'फिफा 10' यादीत नाहीत. आणि माझं सगळ्यात मोठं दुःख, 'अ‍ॅशेस क्रिकेट 2009' यादीत नाही. 360 साठी दोन हजारांच्या वर गेम निघाले; 360 आणि पहिल्या एक्सबॉक्सचे मिळून सहाशेच्या वर आज चालतात. नोव्हेंबर 2021 मध्ये सत्तरहून जास्त गेम एकदम आले आणि त्याच वेळी यादी बंद झाल्याचं जाहीर झालं, कायदेशीर, तांत्रिक आणि लायसन्सच्या मर्यादा सांगून. नव्याने बांधलेला प्रत्येक गेम पुन्हा द्यायचा तर त्याच्या मालकाची परवानगी लागते. खेळाडूंची नावं, क्लब, गाड्या, गाणी अशा चार-चार मालकांच्या गोष्टी ज्या गेममध्ये एकत्र आल्या, ते गेम मागे राहिले. म्हणून तुमची आवड क्रीडा प्रकारातली असेल तर घेण्याआधी यादी बघाच. आणखी एक: कॉपी डीव्हीडी अजिबात चालत नाहीत. त्या काळी फ्लॅश केलेला, म्हणजे कॉपी डिस्क चालाव्यात म्हणून बदल केलेला 360 पुष्कळ घरांत होता. त्या डिस्कांच्या भरवशावर हा कन्सोल घेऊ नका. सिरीज एक्सचा स्वस्त भाऊ सिरीज एस, त्याला डिस्क ड्राइव्हच नाही, त्यामुळे तो या कामाचा नाही. 360 चे कंट्रोलरही चालत नाहीत, एक्सबॉक्स वनचे मात्र चालतात.

पीएस 5 बद्दल. माझ्या मैत्रिणीकडे आहे आणि मशीन उत्तम आहे. पीएस 4 चे जवळजवळ सगळे गेम त्यावर चालतात, कारण दोन्ही यंत्रांचा वंश एकच. पण पीएस 3 ची डिस्क चालत नाही, पीएस 2 चीही नाही. पीएस 3 चा सेल प्रोसेसर इतका वेगळा होता की त्याची नक्कल करणं महाकठीण. सोनीला या सोयीचं मोल माहीत नव्हतं असं नाही: पीएस 2 मध्ये पीएस 1 चे गेम चालायचे, आणि 2006 च्या पहिल्या पीएस 3 मध्ये तर चक्क पीएस 2 ची चिप बसवलेली होती. खर्च कमी करताना पुढच्या मॉडेल्समधून ती काढली. परदेशात पीएस 3 चे गेम स्ट्रीमिंगने तरी खेळता येतात. सोनीच्या भारतातल्या सदस्यत्वात तेही नाही. आपल्याकडे घरोघरी पीएस 2 होता. त्या डिस्कांचा वारसा आज कुठल्याच नव्या मशीनकडे नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

पैशाचं बोलू. ऑगस्ट 2023 मध्ये 'रेड डेड' पीएस 4 आणि स्विचवर पुन्हा विकायला आला, 50 डॉलरला. आमच्या डिस्कला काहीच पडलं नाही. नवा मोठा गेम आज चार-पाच हजारांना पडतो. या दहा महिन्यांत मी असा एकच घेतला. बाकी पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि ओळखीच्यांकडून 360 च्या वापरलेल्या डिस्क शोधल्या: 'मॅक्स पेन 3' तीनशे रुपयांना, 'फेबल 2' अडीचशेला. पन्नास हजारांच्या वर खर्च केला तो एका मशीनसाठी नाही, वीस वर्षांच्या कपाटासाठी केला, असं मला वाटतं. जागेचीही चिंता नाही. 1 टीबीपैकी सुमारे 800 जीबी हाती येते, पण जुने गेम साध्या यूएसबी 3 हार्ड डिस्कवरून थेट चालतात. माझ्या जुन्या लॅपटॉपची 500 जीबीची डिस्क केसमध्ये घालून लावली आहे. सगळे 360 वाले तिच्यावर.

रोजच्या वापरातली एक छोटी गोष्ट. नव्या कंट्रोलरवर व्ह्यू आणि मेनू ही दोन्ही बटणं एकदम दाबली की 360 चा जुना मेनू उघडतो, जसाच्या तसा. पहिल्यांदा चुकून दाबली गेली आणि तो पडदा समोर आला तेव्हा क्षणभर सांगलीच्या हॉलमध्ये असल्यासारखं वाटलं.

29 जुलै 2024 ला 360 चं डिजिटल दुकान बंद झालं. घेतलेले गेम अजून उतरवता येतात, पण जे नव्या मशीनच्या यादीत नाहीत आणि फक्त तिथेच विकले जायचे, ते विकत घ्यायचा रस्ता संपला. त्या आठवड्यात मी पेटीतल्या सगळ्या डिस्कना नवी प्लास्टिकची कव्हरं घातली, आणि ओरखडलेल्या दोन पॉलिश करून बघायला दिल्या. एक वाचली.

क्रिकेटची डिस्क मी परत सांगलीला नेऊन ठेवली. ती तिथे जुन्या 360 च्या ट्रेमध्येच असते. या गणपतीत आरती झाल्यावर दादाने आणि मी वीस षटकांचा सामना लावला. पंखा सुरू, 360 चा पंखा त्याहून जोरात. सतराव्या षटकात बाबा म्हणाले, 'मला दे एक ओव्हर.'