गावच्या फुटबॉलवरची फिल्म: थिएटरात की घरी?

ओहायोतल्या मॅसिलनमध्ये नव्याने राहायला आलेल्या एका मराठी जोडप्याने परवा गणपतीच्या जेवणात विचारलं, "गावात 'गो टायगर्स!' दाखवणार आहेत म्हणे. जावं, की घरीच बघून टाकावी?" हातात मसालेभाताचं ताट होतं आणि मागे वाढप्याची घाई, त्यामुळे मी नुसतं "जा की" म्हणून मोकळा झालो. हे उत्तर अर्धवट आहे. मी दोन्ही प्रकार करून बसलोय आणि दोन्हींत थोडाथोडा पस्तावलोही आहे. म्हणून जरा सविस्तर.

फिल्म कशाची, हे तुम्हाला ठाऊक असेलच. इथल्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, म्हणजे टायगर्सचा, १९९९चा हंगाम, दिग्दर्शक केनेथ कार्लसन गावचाच, फिल्म आली २००१ मध्ये. नारिंगी-काळा रंग कुणाचा, संघाचे जुने कोच पॉल ब्राउन कोण आणि ओहायोत शुक्रवारी संध्याकाळी रस्ते का ओस पडतात, हे इथे पंधरा दिवस राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सुमारे ३२ हजार वस्तीच्या गावाने हायस्कूलच्या पोरांसाठी साडेसोळा हजार लोक मावतील असं स्टेडियम ठेवलंय, एवढं पुरे.

माझी बाजू आधीच उघड करतो, म्हणजे पुढचं त्या हिशोबाने वाचाल. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) आणि दिलबहार तालीम या संघांचा सामना असला की घरात कुणाला किती ताप आहे हे न विचारता बाहेर पडणाऱ्यांपैकी. तिथला फुटबॉल पायाने खेळायचा, इथला हाताने, पण मॅसिलन आणि शेजारच्या कँटनचं मॅकिन्ली हायस्कूल यांचं जे वैर १८९४ पासून चाललंय, ते मला पहिल्याच वर्षी कळलं. कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पेठा बदलल्या, बाकी तेच. त्यात आमचा मुलगा २००६ मध्ये इथेच जन्मला आणि गावच्या रीतीप्रमाणे पाळण्यात त्याच्या शेजारी बूस्टर क्लबचा, म्हणजे संघाच्या पाठीराख्यांच्या मंडळाचा, चिमुकला फुटबॉल आला. आईने तो फोटो बघून फोनवर विचारलं होतं, "घुगऱ्या नाहीत, आणि हे काय नारळासारखं ठेवलंय?" तेव्हापासून मी गेलो तो गेलोच. सांगायचं एवढंच, की मी तटस्थ नाही.

आता घर. घरी बघण्यात सोय आहे आणि ती मी नाकारणार नाही. जानेवारीत इथे पायऱ्यांवरचा बर्फ फोडून गाडी काढायची म्हणजे आधी मीठ शोधण्यापासून तयारी. घरी चिवडा असतो, चहा असतो, मांडीवर रजई असते. दुसरं म्हणजे या फिल्ममध्ये कोच लोक बोलतात ते लॉकर रूमच्या घुमणाऱ्या भिंतींत. पोरं बोलतात ती तोंडात दात धरण्याचं रबर असल्यासारखी. मला अठरा वर्षांनंतरही पहिल्या फटक्यात सगळं समजत नाही. घरी मागे जाऊन पुन्हा ऐकता येतं. नवीन आलेल्यांसाठी हा मुद्दा लहान नाही.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक. ही पवित्र वातावरणातली शालेय फिल्म नाही. पोरं सतत शिव्या देतात आणि एका पार्टीत दारूही पितात, तेही सतरा-अठरा वर्षांची. भारतातून आई-वडील आले असतील तर घरी निदान "आई, जरा पाणी आणतेस का" म्हणून तो प्रसंग पार पाडता येतो. थिएटरात तुम्ही दोघं शेजारी शेजारी, अंधारात, समोर बघत. माझ्या मते दहा वर्षांखालच्या मुलांनाही घेऊन जाऊ नये, पण ते तुमचं तुम्ही ठरवा.

एवढं सगळं घराच्या बाजूने असताना घर हरलं ते एका बटणामुळे.

त्या वेळी आई आलेली होती. एका मित्राकडून डीव्हीडी आणली, रात्री आठला बसलो. पाचव्या मिनिटाला आई म्हणाली, "हे मध्येच थांबतात का?" मी पॉझ दाबलं आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड हा सगळा प्रकार समजावला. ठीक. मग शाळेच्या कराचं मतदान आलं. फिल्ममध्ये खेळाइतकंच ते महत्त्वाचं आहे, कारण संघ जिंकला तर लोक खूश राहतील आणि शाळेसाठी जास्त कर द्यायला तयार होतील असा सगळा हिशोब त्यात आहे. आईला हे कळेना. मी पुन्हा पॉझ. "अगं, म्हणजे शाळेसाठी घरपट्टी वाढवायची की नाही, हे गाव मत देऊन ठरवतं." त्यावर आमच्या घरपट्टीचा विषय निघाला. मग कोल्हापुरातल्या घराच्या घरपट्टीचा. मग काकांनी ती दोन वर्षं कशी भरली नव्हती त्याचा.

पुढे आठवीतल्या मुलांचा भाग आला. पोरगं अंगाने भरावं, हायस्कूलला पोचेपर्यंत एक वर्षाने मोठं असावं, म्हणून आठवीत मुद्दाम वर्षभर मागे ठेवतात. अभ्यासात नापास झालं म्हणून नाही, फुटबॉलसाठी. या वेळी पॉझ बायकोने दाबलं. ती शिक्षिका आहे. पंधरा मिनिटं आम्ही भांडलो. म्हणजे भांडली ती, मी फक्त "इथली पद्धत आहे" एवढंच म्हणत राहिलो आणि ते जास्तच महागात पडलं. आई शेवटी म्हणाली, "शाळा आहे की तालीम?" हा प्रश्न चांगला होता हे मान्य. त्यावर आम्ही तिघंही हसलो. पण तोवर पडद्यावर एका पोराचं तोंड अर्धं उघडं राहून तसंच थिजलं होतं आणि मला फिल्म कुठे होती तेच आठवेना.

यात इतरांना दोष देतोय असं वाटू नये. सर्वांत जास्त वेळा पॉझ मीच दाबलं. प्रत्येक खेळीनंतर. "थांब थांब, बघ, तो डावीकडचा आता आत वळतोय." मागे घ्यायचं, पुन्हा दाखवायचं. मैदानावर बघणारा माणूस घरी रिमोट हातात आला की समालोचक होतो, हे मला त्या रात्री समजलं. स्टेडियममध्ये मी ओरडतो, उभा राहतो, शेजारच्याच्या पाठीवर थाप मारतो, पण खेळ माझ्यासाठी थांबत नाही. घरी तो थांबतो. आणि थांबवता येणारी चुरस ही चुरस राहत नाही. अकरा वाजले तेव्हा आम्ही बावन्नाव्या मिनिटाला होतो. आई केव्हाच झोपली होती. मॅकिन्लीचा सामना अजून यायचाच होता.

तुमच्या घरी असं होणार नाही कदाचित. काही घरांत लोक गप्प बसून शेवटपर्यंत फिल्म बघतात असं ऐकलंय.

थिएटरात गेलो ते नंतर. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर मॅसिलनने हंगामातले सोळाच्या सोळा सामने जिंकले आणि अंतिम फेरीत अ‍ॅक्रनच्या होबन हायस्कूलला ७–२ असं हरवून राज्याचं विजेतेपद घेतलं. आकडे नीट बघा, सात-दोन. असा निकाल बेसबॉलचा वाटतो. जुनी विजेतेपदं गावाकडे ढिगाने आहेत, पण ती पत्रकारांच्या मतांवर ठरलेली. १९७२ पासून प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने, सुरू झाले आणि तेव्हापासून हे पहिलंच. आणि ते मिळालं कुठे, तर कँटनमध्ये, मॅकिन्लीच्या घरच्या मैदानावर. आमचा मुलगा शाळेच्या टायगर स्विंग बँडमध्ये सूसाफोन, ते अंगाभोवती गुंडाळलेलं मोठं पितळी वाद्य, वाजवायचा, त्यामुळे आम्ही तिथे होतो. बँडच्या पोरांना इतकं रडताना मी आधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरच्या हिवाळ्यात गावात फिल्म दाखवली तेव्हा तिकिटाला रांग होती. मी बायकोला घेऊन गेलो. आई तोवर कोल्हापूरला परतली होती.

थिएटराच्या विरोधात बोलायचं तर भरपूर आहे. निम्मे संवाद ऐकूच आले नाहीत. पडद्यावर कुणी दिसलं की हॉलमधून नाव यायचं, मग "अरे, केस बघ त्याचे", मग हशा, आणि तोवर पुढचं दृश्य निघून गेलेलं. ज्याला माहितीपट म्हणून बघायचाय, टिपणं काढायचीत, कराचं गणित समजून घ्यायचंय, त्याने अजिबात येऊ नये. बायको चुकून लाल शाल घेऊन आली होती. लाल मॅकिन्लीचा. दारात एका आजींनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने शाल घडी करून पर्समध्ये कोंबली आणि दोन तास कुडकुडली. तेव्हा लाल नेसू नका, ही फुकटची सूचना.

पण पॉझ नव्हतं.

आठवीतल्या पोरांचा भाग आला तेव्हा मी बायकोकडे पाहिलं नाही. ती काही बोलली नाही, बोलूच शकत नव्हती. हॉल मात्र शांत झाला होता. दोन रांगा पुढे एका चाळिशीतल्या माणसाने मान खाली घातली, किंवा मला तसं वाटलं. पुढच्या दोन रांगा अशाच, त्या वेळच्या खेळाडूंनी भरल्या होत्या. पडद्यावर सतराचे, खुर्चीत चाळीस ओलांडलेले. खांदे तेच, पोट नवीन. काहींच्या शेजारी स्वतःची पोरं, ती बापाला कोपराने ढोसत होती. घरच्या टीव्हीवर मी त्या खेळाडूंना खेळाडू म्हणून बघत होतो. इथे माझी नजर पडद्यावरून त्या टकलांवर आणि टकलांवरून परत पडद्यावर अशीच फिरत राहिली, आणि फिल्ममध्ये नसलेली पंचवीस वर्षं आपोआप दिसत गेली. हे कुठल्याही डीव्हीडीत नाही.

मध्येच स्टँडमधल्या प्रेक्षकांचं एक दृश्य आहे, क्षणभराचं. त्यात टोपी घातलेला एक म्हातारा. मागून कुणीतरी अगदी हळू "पॉप्स" म्हणालं, इथे बापाला-आजोबाला म्हणतात तसं. बस. दृश्य पुढे गेलं. घरी असतो तर मी तिथे पॉझ दाबून आईला विचारलं असतं, चहा घेणार का.

आणि मग मॅकिन्ली. पंचवीस वर्षांपूर्वीचा सामना, हॉलमधल्या प्रत्येकाला निकाल पाठ, तरीही लोक उभे राहिले. रेफ्रीच्या एका निर्णयावर माझ्या शेजारचे ऐंशीच्या घरातले आजोबा त्या पडद्यावरच्या माणसाला जे बोलले ते फिल्मच्या लॉकर रूममध्ये सहज खपलं असतं. मीही उठलो. बायको म्हणते मी मराठीत ओरडलो. शाहू स्टेडियमवर जे ओरडतात ते, असं तिचं म्हणणं. मला आठवत नाही. कुणी वळून पाहिलं नाही एवढं खरं.

आता तुम्ही दोघं. तुमचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि सूनबाईंना अजून इथला खेळ फारसा कळत नाही, असं तुमच्या आईच म्हणाल्या. त्या हिशोबाने घरीच बघणं शहाणपणाचं, असं कुणीही सांगेल, आणि मी त्याच्याशी फार वाद घालणार नाही. खेळ समजून घ्यायचा असेल तर घर बरं. बाळ रडलं तर घर बरं. तरीसुद्धा खेळ न कळणारा माणूस त्या हॉलमध्ये कमी आणि घरी जास्त हरवतो, असं माझ्या बायकोकडे बघून मला वाटतं. घरी ती नियम विचारत होती. हॉलमध्ये तिने एकही नियम विचारला नाही. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य तिचं होतं, "तो डावीकडचा आत वळला तेव्हा मला कळलं होतं."

बाळाला त्या संध्याकाळी आमच्याकडे सोडा, माझी काही हरकत नाही. बायकोची परवानगी मी आधीच काढलीय. तिकिटं लवकर घ्या, मागच्या रांगेतली मिळाली तर उत्तम. पुढची टकलं दिसायला हवीत. कोट नारिंगी नसला तरी चालेल, काळा घाला.

आणि एवढं करूनही घरीच बघायची असेल, तर डीव्हीडी अजून आमच्या प्लेअरमध्येच आहे. बावन्नाव्या मिनिटाला. मित्राला परत करायचीय, त्याच्या आधी घेऊन जा.