विमा घराचा नव्हता, माझा होता

२२ जुलै २०२१ च्या सकाळी चिपळूणात पाणी चढायला लागलं तेव्हा घरातून काही उचलायला आमच्या हातात जेमतेम वीस मिनिटं होती. ह्यांनी सासूबाईंना आधी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे पोचवलं. मी त्यांची औषधं घेतली, दागिन्यांचा डबा घेतला आणि लोखंडी कपाटाच्या खणातली बँकेची निळी फाइल घेतली. फ्रिज, वॉशिंग मशीन, लेकीचा लॅपटॉप, ह्यांची शिलाईची दोन मशीनं, सगळं खाली राहिलं. लॅपटॉप खरं तर सहज उचलता आला असता. पण माझा जीव त्या फाइलीत, कारण फाइलीत घराचा विमा. जिना चढताना मी ह्यांना म्हणालेसुद्धा, "जाऊ दे सामान. विमा आहे आपला."

अजूनही घरात कुणी काही हरवलं, फोडलं की लेक हेच वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवते.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर. २०१६ च्या मे महिन्यात घेतला, चोवीस लाखांना. त्यातले अठरा लाख बँकेचं कर्ज, वीस वर्षांचं, साडेनऊ टक्क्यांनी. मी शाळेत शिक्षिका, पगार माझा नियमित, म्हणून पहिलं नाव माझं. शेवटच्या सह्यांच्या दिवशी कर्ज विभागातल्या साहेबांनी एक वेगळा फॉर्म पुढे सरकवला. म्हणाले, "हा घराचा विमा. हा केल्याशिवाय चेक निघत नाही, मॅडम. हेड ऑफिसचा नियम आहे." किती पैसे, विचारलं. "एकदाच भरायचे, एकाहत्तर हजार. तेही आत्ता नकोत, कर्जातच घालून टाकू. हप्त्यात साडेसहाशेचा फरक, तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही." ह्यांनी २००५ चा पूर पाहिलेला. त्यांनी मुद्दाम विचारलं, "पूर आला तर?" साहेब हसले. "अहो, त्यासाठीच तर असतो विमा!"

त्या फॉर्मवर प्रश्न होते. तंबाखू खाता का? सिगारेट ओढता का? मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का? गेल्या पाच वर्षांत ऑपरेशन झालंय का? मी चेष्टेने म्हटलं, घराच्या विम्याला माझी शुगर कशाला लागते? साहेब म्हणाले, "फॉर्मॅलिटी असते हो." आणि मी सही केली. मुलांना वर्षभर ओरडून सांगते, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. घराला काही मधुमेह होत नाही, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं.

दोन महिन्यांनी टपालाने जाड पाकीट आलं. वर कौलारू घराचं चित्र, त्यापुढे आई, बाबा, दोन मुलं. योजनेच्या नावातही 'होम' हा शब्द. मी पाकीट उघडलं, पहिलं पान पाहिलं, माझं नाव बरोबर आहे ना एवढं बघितलं आणि निळ्या फाइलीत लावून टाकलं. पुढची पाच वर्षं ते तिथेच.

पुराचं वर्णन आता नको. ज्यांनी पाहिलंय त्यांना ते नको असतं आणि बाकीच्यांनी ते टीव्हीवर पाहिलंय. एवढंच सांगते की आमच्या हॉलमध्ये पाणी पंख्याच्या पात्यांना टेकलं होतं. ओसरल्यावर दार ढकललं तर उघडेना, कारण आतून फ्रिज आडवा येऊन दाराला टेकला होता. दिवाणावर गुडघाभर गाळ, त्या गाळात माझ्या साड्या. भिंतीवर सरळ पट्टीने मारल्यासारखी तपकिरी रेघ. तलाठी पंचनामा करून गेले, सरकारचं दहा हजारांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं. आमचं नुकसान, मी वहीत लिहून काढलं, पाच लाखांच्या वर होतं.

बँकेच्या शाखेतही पाणी भरलेलं. पंधरा-सोळा दिवसांनी जाता आलं. २०१६ चे साहेब केव्हाच बदलून गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी. तिने पॉलिसी घेतली, चाळली, परत पहिल्या पानावर आली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, हा क्लेम मृत्यूनंतरच लागतो."

मला कळेना. तिने पान माझ्याकडे फिरवलं आणि बोट ठेवून दाखवलं. विमाधारक: मी. वय: एक्केचाळीस. नॉमिनी: नवरा. विम्याची रक्कम: कर्जाइतकी, दरवर्षी उतरती. मुदत: दहा वर्षं. आमच्या फ्लॅटचा नंबर, इमारतीचं नाव, चौरस फूट यातलं एक अक्षर अख्ख्या कागदात नव्हतं. पत्ता होता, तो फक्त पत्रव्यवहाराचा. हा कर्जदाराचा जीवनविमा. मी गेले असते तर उरलेलं कर्ज कंपनीने फेडलं असतं. भिंती, दारं, फ्रिज, दिवाण यांच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ गाळाकडे बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे लॅपटॉप वर न्यायचा आणि तुला खाली ठेवायचं, असं होतं तर."

हसलो दोघंही. दुसरं काय करणार?

राग आला तो नंतर, हिशेब मांडल्यावर. एकाहत्तर हजार कर्जात घातले, त्यावर वीस वर्षं व्याज. साडेनऊ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ६६२ रुपये, २४० हप्ते, म्हणजे जवळपास १ लाख ५९ हजार. विमा दहा वर्षांत संपणार, हप्ता वीस वर्षं चालणार. तसा कर्जदाराचा जीवनविमा ही वाईट वस्तू नाही, घरात एकटीचा पगार असेल तर हवाच. पण तो जीवनविमा म्हणून विका ना! तोंडाने घर म्हणायचं आणि कागदावर माणूस लिहायचा, याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात.

तक्रार केली. बँकेचं उत्तर आलं की फॉर्मवर आपली सही आहे. कंपनीचं आलं की पॉलिसी हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत परत करण्याची सोय होती, आपण ती वापरली नाही. ती ओळ खरंच होती, दुसऱ्या पानावर, बारीक इंग्रजीत. (आता ही मुदत तीस दिवसांची झाली आहे.) नंतर कळलं की गृहकर्जासाठी विमा घेतलाच पाहिजे असा ना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ना विमा नियामक इर्डाचा. बँक आपल्या अटींमध्ये मालमत्तेचा विमा मागू शकते, पण तो अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ती तिला करता येत नाही. पुढची पायरी विमा लोकपालांची होती. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला तर वर्षाच्या आत लोकपालांकडे अर्ज. फी नाही, वकील नाही. मी तो अर्ज केला नाही. गाळ काढणं, शाळा, सासूबाईंचं आजारपण, यात वर्ष निघून गेलं. तुम्ही तसं करू नका. इर्डाचा १५५२५५ हा नंबर आहे, 'बीमा भरोसा' नावाचं पोर्टल आहे, निदान तिथे नोंद तरी करा.

समोरच्या फ्लॅटमधल्या भाऊंचं ऐका, ते माझ्यापेक्षा हुशार. त्यांच्या बँकेने खरोखरच घराचा विमा काढला होता, आगीची जुनी पॉलिसी, पुरासकट. (जुन्या पॉलिसीत वादळ-पुराचा भाग काढून टाकून हप्ता कमी करून घेता यायचा. भाऊंचा भाग शाबूत होता, हे नशीब.) पण तो फक्त इमारतीचा. सर्व्हेअर आले, गिलावा, वायरिंग, फुगलेली दारं मोजली आणि एक लाख वीस हजारांचं नुकसान धरलं. मग म्हणाले, हा फ्लॅट पुन्हा बांधायला नऊ लाख लागतील, तुमचा विमा सहा लाखांचा, कारण तुमचं कर्जच तेवढं होतं. म्हणजे तुम्ही दोन तृतीयांश विमा घेतलात, भरपाईही दोन तृतीयांश. ऐंशी हजार, त्यातून ठरलेली वजावट. सोफा, टीव्ही, फ्रिज, भांडी यांचं शून्य, कारण घरातल्या सामानाचा विमाच नव्हता. आणि पार्किंगमधली स्कूटर? तिचा विमा फक्त थर्ड पार्टी. स्वतःच्या गाडीत पाणी शिरलं तर त्यात काही मिळत नाही. भाऊ म्हणाले, "वहिनी, दोन विमे होते हो माझ्याकडे. दोन्ही दुसऱ्याच कुणाचे."

म्हणून नवा विमा घेताना मी स्वतः बसून वाचलं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी ठेवणं सक्तीचं झालं. आमच्या पुराच्या चार महिने आधीच ती सुरू झाली होती आणि आमच्या आळीत एकालाही ठाऊक नव्हतं. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल हे सगळं मुळातच तिच्यात आहे. विमा कमी रकमेचा होता म्हणून भाऊंसारखी कात्री लावायची नाही, हेही तिच्यात आहे. घर राहण्यालायक उरलं नाही तर दुसरीकडे राहायचं भाडंही मिळतं. आम्ही दोन महिने नणंदेकडे काढले, त्यामुळे ही ओळ मी दोनदा वाचली.

तरी एजंटने प्रयत्न केलाच. "फ्लॅटची आजची किंमत तीस लाख धरू या ना, मॅडम." मी म्हटलं, पुरात जमीन वाहून जात नाही. विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, बाजारभावाचा नव्हे. आमचा कार्पेट एरिया ५४० चौरस फूट, बांधकामाचा दर १८०० धरला, म्हणजे ९ लाख ७२ हजार. तीस लाखांचा घेतला असता तर हप्ता तीस लाखांचा गेला असता आणि भरपाई मात्र खर्चाइतकीच मिळाली असती. सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के आपोआप मिळतात, कमाल दहा लाखांपर्यंत. आमच्या बाबतीत ते १ लाख ९४ हजार ४०० होत होते. माझ्या वहीतल्या आकड्याला ते पुरणारे नव्हते, म्हणून यादी देऊन सामानाची रक्कम वाढवून घेतली. दागिन्यांसाठी वेगळी जोड लागते. रोख रकमेला काही नाही. ह्यांची शिलाई मशीनं धंद्याची, ती घरगुती सामानात बसत नाहीत, म्हणून ती आता दुकानातच असतात. चोरीचं एक मेख मारलेलं कलम आहे: पूर किंवा आग झाल्यापासून सात दिवसांत त्या घरातून चोरी झाली तर भरपाई, एरवीच्या घरफोडीला वेगळा विमा. आणि ओल! कोकणातल्या माणसाचा पहिला प्रश्न तोच. पावसाळ्यात भिंत हळूहळू ओलावते, पोपडे निघतात, ते विम्यात नाही. ती झीज समजली जाते.

सगळं धरून वर्षाचा हप्ता हजाराच्या आसपास बसला. एकाहत्तर हजार आठवून मला तो आकडा एजंटकडून दोनदा वदवून घ्यावासा वाटला.

एक काम मी पुराआधी करायला हवं होतं, आता करते. दर मे महिन्यात मोबाइल घेऊन घरभर फिरते, प्रत्येक खोलीचा, उघड्या कपाटांचा व्हिडिओ काढते, बिलांचे फोटो काढते आणि लेकीला पुण्याला पाठवून देते. भाऊंची सगळी बिलं फ्रिजशेजारच्या कपाटात होती, फ्रिजबरोबरच गेली. शिवाय गाळ सडायला लागल्यावर आम्ही सगळ्यांनी सामान रस्त्यावर काढलं, ट्रॅक्टर भरून भरून गेले. सर्व्हेअर आले तेव्हा दाखवायला उरली होती भिंतीवरची रेघ. फेकण्याआधी चार फोटो काढायचं भान एकालाही राहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात शाळेतली एक नवी बाई, घराचं कर्ज मंजूर झालं म्हणून पेढे घेऊन आली. मी पेढा घेतला आणि सह्यांच्या दिवशी तिच्याबरोबर बँकेत गेले. माझी बँक नव्हे, दुसरीच. सगळे कागद झाल्यावर टेबलापलीकडच्या साहेबांनी एक वेगळा फॉर्म काढला. "हा घराचा विमा." तिने पेन उचललं. मी फॉर्म माझ्याकडे ओढला. तिसरा प्रश्न तंबाखूचा होता.

"साहेब," मी म्हटलं, "यात घराचा पत्ता कुठे लिहायचा?"

साहेबांनी फॉर्म घेतला. वरून खाली पाहिला, पान उलटलं, मागच्या बाजूला पाहिलं, परत पुढे आले. बाईंनी पेनला टोपण लावलं.