पऱ्हाटीचा कोळसा गव्हाला: दोन हंगामांनंतरचा अनुभव

आधी हिशोब सांगतो, कारण मला तो सुरुवातीला कुणी सांगितला नव्हता. बायोचार, म्हणजे जमिनीत मिसळायचा काडीकचऱ्याचा कोळसा, हेक्टरी ५ टन, म्हणजे एकरी २० क्विंटल टाका असं ऐकायला मिळतं. वाळलेल्या क्विंटलभर पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीच्या काड्यांतून, कोळसा निघतो २० ते २५ किलो. माझ्या कोरडवाहू कपाशीच्या एकरात पऱ्हाटी भरते आठ-दहा क्विंटल. म्हणजे एक एकर गव्हासाठी दहा एकर कपाशी पाहिजे! माझी कपाशी चार एकर, आणि त्यातली अर्धी पऱ्हाटी आई आंघोळीचं पाणी तापवायला राखून ठेवते. शेजाऱ्यांकडून दोन बंड्या (बैलगाड्या) पऱ्हाटी मागून आणली तेव्हा कुठे ५ क्विंटल कोळसा झाला. म्हणून हा अनुभव एकरांचा नाही, गुंठ्यांचा आहे.

गाव वर्धा जिल्ह्यातलं. जमीन दोन तऱ्हेची: विहिरीकडची भारी काळी, आणि नाल्याकडच्या धुऱ्याला (बांधाला) हलकी बरड, चार बोटांखाली मुरूम. गहू लोकवन, ओलित तुषार संचावर.

कोळसा पाडायला २०२३ च्या फेब्रुवारीत सुरुवात केली. बोंडअळीमुळे पऱ्हाटी तशीही वावरात ठेवायची नसते. उपटून धुऱ्यावर पेटवून देतो, तीच वापरली. कढईसारखा उतरता खड्डा खणला, वर पाच फूट रुंद, खोली तीन फूट. तळाशी थोडी पऱ्हाटी रचून आग वरून लावायची. काड्यांवर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा थर. वरची ज्वाळा हवा खाते, खालच्या कोळशाला ती मिळत नाही, आणि धूरही ज्वाळेतच जळतो. थर टाकायला उशीर झाला की राख, घाई झाली की धूर. हे हाताला बसायला चार खड्डे लागले.

पहिला खड्डा तर पूर्ण वाया गेला. पाणी वाहून आणायचा कंटाळा, म्हणून वरून माती लोटली आणि घरी आलो. सकाळी माती खचलेली, आत हात घातला तर ऊबदार राख. रात्रभर आतल्या आत धुमसत राहिला होता. आता खड्डा भरत आला की मी भरपूर पाणी मारूनच विझवतो. नीट झालेला कोळसा मोडताना खणकन वाजतो, आणि बोटांना लागलेला काळेपणा साध्या पाण्याने निघतो. चिकट राहिला तर तो कच्चा.

शेजारचे काका धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. म्हणाले, "काहून बे, वावराले चूल समजला का?"

ऑक्टोबरात कोळसा कुटून पाच गुंठे बरडात आणि पाच गुंठे काळ्या मातीत टाकला, गुंठ्याला ५० किलो, आणि वखराने मिसळला. शेणात न मुरवता, कोरडाच. ही माझी मोठी चूक. गहू पंचविसाव्या दिवशी पिवळा पडला, आणि पिवळेपणाची रेघ बरोबर कोळशाच्या हद्दीवर! न मुरवलेला, उपाशी कोळसा सुरुवातीला मातीतलं नत्र स्वतःच धरून बसतो. युरियाचा जास्तीचा हात द्यावा लागला. मुकुटमुळं फुटायच्या वेळी, म्हणजे १८ ते २१ दिवसांत, पीक उपाशी राहिलं की फुटवे कमी होतात, आणि तेच झालं. पहिल्या वर्षी फायदा शून्य, उलट युरियाचा खर्च.

दुसऱ्या वर्षी त्या तुकड्यांत नवीन काही टाकलं नाही. बाजूच्या एका पट्ट्यात मात्र गोमूत्र-शेणकाल्यात महिनाभर मुरवलेला कोळसा टाकला, तो पट्टा पिवळा पडला नाही. खरा फरक बरडात दिसला. तिथला बिनकोळशाचा गहू पाणी दिल्यावर आठव्या दिवशी दुपारी मान टाकतो. कोळशाच्या तुकड्यात दीड-दोन दिवस उशिरा. विजेची लाईन एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची असताना हे दोन दिवस किती मोलाचे, ते ज्याने रात्री दोनला रानडुकरांच्या भीतीत नोझल फिरवलेत त्यालाच कळेल.

मार्च २०२५ मध्ये तुकड्यातुकड्यांचा माल वेगळा मळून तोलला. बरड, पाच गुंठे: बिनकोळशाचा ९८ किलो, कोळशाचा १२१. काळी, पाच गुंठे: १९० आणि १९३. काळ्या मातीतले तीन किलो मी धरतच नाही. ती माती मुळातच पाणी धरते, आणि माझ्या चाचणीत सामू (pH) ८.१ होता. कोळसा स्वतः अल्कधर्मी, त्यामुळे तिथे तो भाराभर टाकून काय साधणार? आम्लधर्मी जमिनीतले मोठाले आकडे ऐकून आमच्या काळ्या रेगुरात तसंच होईल असं धरू नका. जस्त-लोहाची कमतरता वाढायचीच भीती जास्त.

कोळसा टाकूनही मातीच्या अहवालात सेंद्रिय कर्ब फारसा वाढलेला नव्हता, म्हणून मी घाबरलो होतो. नंतर कळलं की प्रयोगशाळेतली डायक्रोमेटची पद्धत कोळशातला पक्का कर्ब पूर्ण मोजतच नाही.

विकतचा बायोचार? एका विक्रेत्याने किलोला ३० रुपये सांगितले आणि वर 'खत निम्मं होईल' असा भरवसा दिला. एकरी २० क्विंटलचे ६० हजार झाले. माझ्या बरडातली वाढ एकरी धरली तर १८४ किलो, २०२५ च्या क्विंटलला २,४२५ रुपये हमीभावाने साडेचार हजारही झाले नाहीत. दरवर्षी टाकावा लागत नाही हे धरलं तरी वसुलीला किती गहू जातील, मोजून पाहा. घरचीच पऱ्हाटी आणि घरचेच हात असतील तर ठीक. खत मात्र माझं निम्मं झालेलं नाही, नेहमीचंच चालू आहे.

यंदा कोळसा फक्त बरडालाच. गोठ्याच्या मोरीखाली टाकी पुरलीय, गोमूत्र सरळ कोळशात जातं. आणि नवा खड्डा धुऱ्यावर नाही, विहिरीपासून वीस पावलांवर खणलाय, पाण्याचा पाइप पोचेल एवढ्या अंतरावर. आईने तिची अर्धी पऱ्हाटी आधीच मोजून बाजूला लावून घेतलीय.