दोन टनी ट्रॉली जॅक: शनिवार-रविवारच्या वापरानंतर

गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड घरीच बदलायचे ठरवून मी दोन टन क्षमतेचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक घेतला. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक फिरवताना घाम निघतो. येथे मात्र दांडा काही वेळा खाली-वर करताच चाक जमिनीवरून सुटले आणि शेजारी उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या लेकीने टाळ्या वाजवल्या. उतरवताना झडप अगदी थोडी सैल करावी लागते, अन्यथा गाडी एकदम खाली येते.

मोठी उणीव उंचीची आहे. जॅकची किमान उंची सुमारे साडेतेरा सेंटिमीटर असल्याने हवा गेलेल्या चाकाजवळ तो आत सरकत नाही. शिवाय तेल झिरपले तर केवळ जॅकवर उभी असलेली गाडी खाली बसू शकते, म्हणून तिच्याखाली जॅक स्टँड, म्हणजे गाडीचा भार पेलणारे स्थिर आधार, लावूनच काम करावे. खोक्यात मात्र ते नव्हते, वेगळे आणावे लागले.

कॅलिपरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन मागे दाबताना टाकीतील ब्रेक ऑइल वर चढते, त्याकडे लक्ष ठेवत असतानाच आईने जेवायला तिसरी हाक मारली, त्यामुळे दुसरे चाक रविवारवर गेले. रविवारी पाहुणे आले आणि मेहुण्यांनी पाना हाती घेतला, तरीही काम दीड तासात उरकले. नट आवळल्यावर पॅड डिस्कला टेकेपर्यंत ब्रेकचे पेडल अनेकदा दाबले आणि मगच गाडी बाहेर काढली. जॅक घ्यावा, पण स्टँडचा खर्च धरूनच.