जबडा ‘लॉक’ होण्याची भीती आणि ओटीपीवर घेतलेलं कर्ज

ज्यांच्या जबड्यातून खाताना ‘कट्’ असा आवाज येतो, त्यांनी हे जरूर वाचावं. आमच्या वहिनींना तो बरीच वर्षं येतो. दुखत नाही, तोंड नीट उघडतं, इंदूरच्या सराफ्यात तळलेला गराडू कंदसुद्धा मजेत खातात. गणेशोत्सवात कॉलनीच्या मंडळात मोफत दंततपासणीचं शिबिर लागलं. तिथल्या पांढऱ्या कोटातल्या मुलीने कानापुढे बोटं ठेवून सांगितलं, “मॅडम, जॉइंट खिसक रहा है. टेढ़े दाँतों की वजह से. दो साल में जबड़ा लॉक हो जाएगा.” वहिनी घाबरल्या आणि दुसऱ्याच दिवशी दादाला घेऊन क्लिनिकमध्ये गेल्या.

तिथे तोंडात स्कॅनर फिरवला, पडद्यावर दात उमटले आणि दाढांवर लाल डाग दिसले. लाल म्हणजे धोका, असं समजावलं. अहो, दात मिटले की कुठेतरी टेकणारच! तो रंग फक्त कुठे किती टेकतात एवढंच दाखवतो. पण घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार? मग भाव निघाला. पारदर्शक ट्रे, म्हणजे अलाइनर, आणि सांध्याला लेझर, सगळं मिळून १,४०,००० रुपये. आज ठरवलं तर ९५,०००, तेही बिनव्याजी हप्त्यांत. ‘व्हेरिफिकेशन’साठी म्हणून मोबाइलवर आलेला ओटीपी मागून घेतला.

तो ओटीपी म्हणजे कर्जाच्या करारावरची सही होती. फायनान्स कंपनीने पूर्ण रक्कम क्लिनिकला देऊन टाकली. त्यानंतर क्लिनिकला कसली घाई? हप्ते वहिनींच्या खात्यातून जात राहिले.

दात सरकवण्याआधी ऑर्थोडोन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारा तज्ज्ञ, ओपीजी (दोन्ही जबड्यांचा) आणि सेफ (डोक्याचा बाजूने) असे एक्स-रे काढतो, फोटो घेतो, दातांचे साचे किंवा स्कॅन तपासतो, सांधा आणि चावण्याचे स्नायू दाबून बघतो आणि उपचाराचा आराखडा लेखी देतो. इथे स्कॅन सोडून काहीच झालं नाही. पाटीवर एका एम.डी.एस. डॉक्टरांचं नाव होतं, ते वहिनींना कधी दिसले नाहीत. ट्रे देणारे नुसते बी.डी.एस., म्हणजे दंतवैद्यकाची पहिली पदवी घेतलेले, होते. ऑर्थोडोन्टिस्ट म्हणजे बी.डी.एस.नंतर तीन वर्षं त्याच विषयाचं एम.डी.एस. केलेला माणूस. राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि पदवी विचारायला लाजू नका.

काही महिन्यांत वहिनींच्या मागच्या दाढा टेकेनाशा झाल्या. पोळीचा घास पुढच्या दातांनी चघळायची पाळी आली आणि आजवर न दुखलेला सांधा सकाळी उठल्यावर दुखू लागला. क्लिनिकचं उत्तर ठरलेलं, “सेट हो जाएगा.” नंतर म्हणाले, नवे ट्रे लागतील, त्याचे पैसे वेगळे.

शेवटी इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवलं. तिथे कळलं की सांध्यातली चकती जरा पुढे सरकलेली असते, तोंड उघडताना ती जागेवर येते, त्याचा तो आवाज. दुखत नसेल आणि तोंड अडकत नसेल तर सहसा काहीही करावं लागत नाही. दुखलंच तर मऊ खाणं, गरम शेक, जबड्याचे व्यायाम, थोडे दिवस वेदनाशामक गोळ्या, आणि रात्री दात आवळायची सवय असेल तर स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायची पट्टी. हे सगळे उपाय मध्येच थांबवता येतात, सरकवलेले दात मात्र आपोआप मागे येत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९६ च्या तज्ज्ञ परिषदेनेही आधी असेच सौम्य उपाय करायला सांगितलं होतं. दात वेडेवाकडे असतील, समोरचे टेकत नसतील, खालचा जबडा पुढे असेल तर ऑर्थोडोन्टिक उपचार जरूर घ्या. माझा राग सांध्याची भीती घालून दात सरकवण्यावर आहे.

पैशांचं सांगतो. असं कर्ज मोबाइलवरून झालं असेल तर करारात ‘कूलिंग-ऑफ’ची मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं, म्हणून करार त्याच रात्री वाचा. चिडून हप्ता थांबवू नका, क्रेडिट स्कोअर तुमचाच बिघडतो. फायनान्स कंपनीला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. आमच्या क्लिनिकचं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात आहे, पण २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आम्ही आधी नोटीस पाठवली. उत्तर आलं की रुग्णाने ट्रे रोज २२ तास घातले नाहीत, म्हणून दाढा टेकत नाहीत. ट्रे किती तास घालायचे हे वहिनींना त्यांनी कुठल्या कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद आता आयोगापुढे मागणार आहोत.