डाव्या आरशावरचा छोटा गोल आरसा: जरूर घ्या

पुण्यात प्रभात रोडच्या गल्ल्यांत फुटपाथला लागून गाडी लावायची, तर मागचं डावं चाक दिसायलाच हवं. डाव्या आरशाच्या खालच्या कोपऱ्यात हा चिकटवला आणि चाक, फुटपाथची कड दोन्ही एकदम दिसू लागली. फार आवडला! माझे टायर १९५/५५ आर १६ (रुंदी १९५ मिमी, बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची), म्हणजे रिमच्या कडेपासून रबर जेमतेम १०७ मिमी. फुटपाथला घासून अलॉय (धातूचं रिम) खरवडलं तर पॉलिश तरी होतं; टायरची बाजू फाटली की पंक्चरवाला हात लावत नाही, नवाच घ्यावा लागतो. आरसा फुगीर आहे, त्यामुळे कड असते त्याहून लांब भासते, तेवढं सांभाळा. पावसात थेंब साचून काही दिसत नाही. तेव्हा शेजारी बसलेल्याला काच खाली करून बघायला सांगते.